हात बसेपर्यंत: बागकामाच्या आवडीतून रोपवाटिकेचे करिअर

आंब्याचे कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या जातीच्या झाडाची काडी जोडून केलेले कलम, वर्षातून एकदाच बांधता येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल असते, रोपांचे दांडे तांबूस आणि कोवळे असतात, तेवढ्याच काळात. त्या काळात हात चुकला तर पुढची संधी पुढच्या पावसाळ्यात. संत्र्याचा डोळा भरणे (सालीत डोळा बसवून कलम करणे), द्राक्षाची छाटणी, डाळिंबाचा बहार धरणे, या सगळ्यांना ज्याचा त्याचा हंगाम असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्याने महिन्यांचा हिशेब सोडून हंगामांचा हिशेब करावा. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे कामाचे फार तर पस्तीस-चाळीस पावसाळे असतात. त्यातला पहिला स्वतःला तपासण्यात आणि पुढचे दोन हात बसवण्यात गेले, तर ते सत्कारणी लागले असे समजावे.

‘मला झाडांची आवड आहे’ हे वाक्य फार ढोबळ आहे. उद्यानविद्येत फळझाडे येतात, फुलशेती येते, भाजीपाला येतो, शहरातली उद्याने येतात आणि काढणीनंतरची हाताळणीसुद्धा येते. रोज पहाटे पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचे घड तोलणारा आणि सोसायटीच्या आवारात बाग आखणारा यांचा दिवस अगदी वेगळा असतो. या लेखात भर आहे तो रोपवाटिकेवर, म्हणजे रोपे आणि कलमे तयार करण्यावर. कारण या क्षेत्रात कुठेही गेलात तरी हे कौशल्य उपयोगी पडते, आणि थोड्या जागेत, थोड्या भांडवलात याची सुरुवात करता येते.

आधी नव्वद दिवसांची तपासणी

जूनच्या पहिल्या पावसानंतर सुरुवात करा. गच्ची, गॅलरी, परसदार, काहीही चालेल. चार कामे एकाच वेळी हाती घ्या.

पहिले काम बियांचे. झेंडूच्या ५० बिया ट्रेमध्ये मोजून पेरा आणि किती उगवल्या ते लिहा.

दुसरे, जास्वंदीचे २० फाटे. पेन्सिलीच्या जाडीची, नुकती पिकू लागलेली फांदी घ्या. १५ ते २० सेंमी लांबीचे, चार-पाच पेरांचे तुकडे करा. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा आडवा. त्यामुळे नंतर कुठली बाजू खाली हा घोळ होत नाही. खालची पाने काढा, वरची दोन अर्धी कापा. निम्मी वाळू आणि निम्मे कोकोपीट भरलेल्या कुंडीत दोन पेरे आत जातील असे खोचा आणि सावलीत ठेवा. ३० ते ४० दिवसांत मुळ्या येतात. मधेच उपटून बघू नका. नव्या मुळ्या काचेसारख्या ठिसूळ असतात.

तिसरे काम पाच गुट्यांचे (फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या आणायच्या), डाळिंब, पेरू किंवा जास्वंद यांपैकी जे हाताशी असेल त्यावर. एक वर्षाची, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड फांदी निवडा. शेंड्यापासून ३० ते ४० सेंमी खाली अडीच ते तीन सेंमी रुंदीची सालीची गोल पट्टी काढा आणि आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून टाका. ओले करून घट्ट पिळलेले स्फॅग्नम शेवाळ त्यावर मुठीएवढे बांधा. वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळा. ४५ ते ६० दिवसांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसतात. मग फांदी आधी अर्धी कापा आणि आठवड्याने पूर्ण कापून कुंडीत लावा.

चौथे काम सर्वांत कंटाळवाणे वाटेल: घरातल्या किंवा शेजारच्या दहा कुंड्यांना नव्वद दिवस नेमाने पाणी, खत आणि निगा.

या सगळ्याची एक वही ठेवा. तारीख, किती लावले, किती जगले, मेलेले का मेले असावे. इथे मेलेले रोप जगलेल्या रोपाहून जास्त शिकवते. फाटा खालून काळा पडत वर कुजला असेल तर पाणी जास्त झाले किंवा काप बोथट चाकूने चेचला गेला. पाने मलूल होऊन फाटा वाळला असेल तर पाने जास्त ठेवली होती, मुळ्या नसताना पाण्याचा खर्च झेपला नाही. गुटीला मुळ्याच आल्या नाहीत आणि साल पुन्हा सांधली, तर तो बुळबुळीत थर नीट खरवडला गेला नव्हता. त्याच थरातून नवीन साल आणि नवीन लाकूड तयार होते. पुढे कलम बांधताना याच थराशी थर जुळवायचा असतो, म्हणून तो आत्ताच डोळ्यांनी ओळखून ठेवा.

नव्वद दिवसांनी वही उघडून बसा. चाकू हातात घेतल्यावर वेळेचे भान राहिले नसेल तर रोपवाटिका तुमची आहे. आकडे जुळवण्यात आणि ‘हे असे का’ यात मन रमले असेल तर संशोधन किंवा फळबाग सल्ल्याचा विचार करा. कुंड्यांची मांडणी पुन्हा पुन्हा बदलत राहिलात तर उद्यान आखणीकडे वळा. मेलेला फाटा उपटून त्याचे मूळही न बघता फेकून दिले असेल, तर मात्र थोडे थांबा. बागकाम हा तुमचा छंद म्हणून उत्तम राहील, धंदा म्हणून तो जड जाईल.

शिक्षण: कोणता रस्ता कशासाठी

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरीचे महात्मा फुले, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. बारावी विज्ञाननंतर उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी घेता येते. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात. दहावीनंतर कृषी पदविकेचा मार्ग आहे. विद्यापीठांच्या काही केंद्रांवर माळी प्रशिक्षणाचे वर्गही चालतात. ज्यांना लवकर कामाला लागायचे आहे त्यांनी ते कमी लेखू नयेत. चांगला माळी मिळत नाही ही तक्रार प्रत्येक मोठ्या बागेत ऐकू येते.

पदवी कशासाठी, हे आधी ठरवा. लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेला बसायचे, बँकेत कृषी अधिकारी व्हायचे, महापालिकेत उद्यान अधीक्षकाची जागा हवी किंवा पुढे एम.एस्सी. करून संशोधनात जायचे, तर पदवीशिवाय मार्ग नाही. स्वतःची रोपवाटिका काढायची असेल तर पदवी उपयोगी आहे, पण तिच्यावाचून अडत नाही. खासगी महाविद्यालय निवडताना एक साधी गोष्ट बघा. त्यांच्या आवारात चालू रोपवाटिका आहे का, आणि विद्यार्थी तिथे स्वतः कलमे बांधतात का? प्रात्यक्षिकाच्या तासाला एकच कलम आणि भोवती चाळीस मुले, असे असेल तर ते शिक्षण तुम्हाला सुट्टीत दुसरीकडे पुन्हा घ्यावे लागेल.

कृषी पदवीधरांसाठी केंद्र सरकारची कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेच्या देखरेखीखाली ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण आणि त्यानंतर कर्जाशी जोडलेले अनुदान असे तिचे स्वरूप आहे. रोपवाटिका या योजनेत बसते.

कोय कलम, पायरीपायरीने

पहिला पैसा चांगल्या चाकूवर खर्च करा. कलम चाकूचे पाते एका बाजूने सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला धार असते. तेलाच्या दगडावर फक्त धारेची बाजू घासा. हाताच्या लवेवरून फिरवल्यावर लव उतरली पाहिजे. त्यानंतर रोपाला हात न लावता तुती किंवा जास्वंदीच्या काड्यांवर २०० पाचरी कापा. प्रत्येक पाचर तीन ते चार सेंमी लांब, दोन्ही बाजूंनी सारखी आणि एकाच ओढीत आलेली हवी. दोन-तीनदा खरवडून केलेला काप खुंटाला, म्हणजे खालच्या रोपाच्या दांड्याला, सपाट टेकत नाही. मधे हवेची फट राहते आणि कलम तिथेच मरते.

कोयी मे-जूनमध्ये जमवाव्यात, रायवळ आंब्याच्या. कोयीची उगवणशक्ती झपाट्याने उतरते, म्हणून फळ खाल्ल्यानंतर आठवड्याभरात पेरणी व्हावी. गर धुऊन काढा आणि कोयी पाण्यात टाका. तरंगतील त्या बाजूला करा. १० ते १५ सेंमी उंचीच्या वाफ्यावर कोयीची पोटाकडची खोलगट कड खाली आणि फुगीर कड वर ठेवून पेरा. उलटी पेरली तर दांडा वळसा घेऊन वर येतो आणि वाकड्या दांड्यावर कलम नीट बसत नाही. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात.

कलमकाडी ही खरी परीक्षा आहे. मातृवृक्ष आधीच हेरलेला हवा: दरवर्षी फळे देणारा, जातीचा खात्रीचा, रोगमुक्त. काडी तीन-चार महिन्यांची, शेंड्याची, खुंटाच्या जाडीची हवी. कलम बांधण्याच्या ८ ते १० दिवस आधी झाडावरच तिची पाने कापून टाका, देठ मात्र राहू द्या. आठवड्यात देठ आपोआप गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. डोळा फुगलेला पण फुटलेला नाही, ती काडी नेमकी योग्य. सकाळी तोडा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. दुपारपर्यंत उन्हात राहिलेली काडी दिसायला हिरवी असली तरी तिच्यातला दम गेलेला असतो.

आता बांधणी. रोप १० ते १५ दिवसांचे, पाने तांब्याच्या रंगाची असताना कोयीसकट उपटा. मुळे धुऊन बुरशीनाशकाच्या द्रावणात (कार्बेन्डाझिम, लिटरला १ ग्रॅम) पाच मिनिटे बुडवा. कोयीपासून ५ ते ८ सेंमी उंचीवर दांडा आडवा कापा आणि मध्यभागी तीन-चार सेंमी खोल उभी चीर द्या. १० ते १२ सेंमीच्या कलमकाडीला तेवढ्याच लांबीची पाचर करून चिरेत बसवा. दोन्हींची जाडी सारखी असेल तर दोन्हीकडच्या साली जुळतील. कमीजास्त असेल तर एका बाजूची साल तंतोतंत जुळवा. मधोमध बसवलेली बारीक काडी कुठेच जुळत नाही. दीड-दोन सेंमी रुंदीची पॉलिथीनची पट्टी खालून वर, अर्धी अर्धी चढवत, ताणून गुंडाळा. पावसाचे पाणी जोडात शिरता कामा नये. चीर दिल्यापासून पट्टी बांधेपर्यंत एक मिनिटाच्या आत काम उरकायला हवे.

बांधलेले कलम कोय न मोडता पिशवीत लावा. कोयीतले अन्न पुढचे काही आठवडे रोपाला पोसते. कोय निखळली तर जोड उत्तम असूनही कलम सुकते. वर ५० टक्के सावलीची जाळी, झारीने बारीक पाणी, पिशवीत पाणी साचू द्यायचे नाही. कोकणात हवेतच ओल असते. देशावर हेच काम करायचे तर वाफ्यावर पॉलिथीनचा बुटका बोगदा हवा, नाहीतर काड्या वाळतात.

पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटू लागतात, आणि इथेच नवशिक्यांची गफलत होते. फुटवा आला म्हणजे कलम जगले असे नाही. काडीतल्या साठलेल्या रसावरही डोळा फुटतो. जोड झालाच नसेल तर ती पालवी आठ-दहा दिवसांत माना टाकते. म्हणून पालवी तांबूस सोडून हिरवी होईपर्यंत सावली आणि ओल कमी करू नका. चार-पाच दिवसांतच काडी काळी पडली असेल तर पाणी शिरले, पट्टी सैल राहिली किंवा काडी फार कोवळी होती. तीन आठवडे हिरवी राहून मग वाळली असेल तर साली जुळल्या नव्हत्या. प्रत्येक मेलेल्या कलमाची पट्टी सोडून आत बघा. पाचर आणि चिरेच्या मधे पांढुरकी दाणेदार वाढ दिसली तर जोड सुरू झाला होता आणि निगा कमी पडली. आतून नुसते तपकिरी कोरडे दिसले तर बांधणी चुकली.

जोडाच्या खालून येणारे रायवळाचे फुटवे दर आठवड्याला खुडा. पट्टी साधारण तीन महिन्यांनी सोडा. ती तशीच राहिली तर दांडा जाड होताना गळा आवळला जातो आणि पुढे वादळात झाड नेमके तिथेच मोडते.

काजूचे मृदकाष्ठ (कोवळ्या दांड्यावरचे) कलम याच पद्धतीचे, फक्त बी थेट पिशवीत पेरतात आणि रोप ४० ते ६० दिवसांचे झाल्यावर बांधतात. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतल्या जाती दिल्या. आंब्याच्या रत्ना (नीलम आणि हापूस यांचा संकर) आणि सिंधू (रत्ना आणि हापूस यांचा संकर) याही तिथल्याच. कोकणात शिकायचे असेल तर या केंद्राच्या आणि दापोली विद्यापीठाच्या रोपवाटिका पावसाळ्यात पाहून याव्यात.

दोन हंगाम दुसऱ्याच्या रोपवाटिकेत

स्वतःची जाळी उभारण्याआधी दोन पावसाळे चालू रोपवाटिकेत रोजंदारीवर किंवा नगावर काम करा. पदवीधरांना हे कमीपणाचे वाटते. तसे वाटू देऊ नये. सराईत कलम बांधणारे दिवसाला काहीशे कलमे बांधतात. त्यांच्या शेजारी बसून बोटांची हालचाल बघणे यासारखे शिक्षण नाही. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या आसपास शोभेच्या झाडांच्या आणि फळरोपांच्या रोपवाटिका मोठ्या संख्येने आहेत. आंबा-काजूसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्ग, संत्र्यासाठी वरुड-मोर्शीचा पट्टा. गोव्यात मानकुराद आंब्याची कलमे हा स्वतंत्र विषय आहे.

काम करताना चार गोष्टींवर नजर ठेवा: माती कुठून येते, मातृवृक्ष कुठे आहेत, मेलेली रोपे कुठे टाकतात आणि गिऱ्हाईक काय विचारून परत जाते. शेवटची गोष्ट वहीत लिहा. तुमच्या रोपवाटिकेत काय वाढवायचे याचे उत्तर तिथे मिळेल.

एका गुंठ्याची रोपवाटिका: खरा हिशेब

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. वाटा, पाण्याची टाकी, काम करायची जागा वजा जाता साधारण ६० चौरस मीटर वाफे मिळतात. ६ बाय ८ इंची पिशवी भरल्यावर तिचा व्यास सुमारे १० सेंमी होतो, म्हणजे चिकटून ठेवल्या तर चौरस मीटरला १०० पिशव्या. पण पालवी वाढली की पिशव्या सरकवून जागा दुप्पट द्यावी लागते. नाहीतर आतल्या रोपांना ऊन मिळत नाही, ती उंच-लुकडी होतात आणि पानांवर करपा येतो. म्हणून एका गुंठ्यात तीन हजारांच्या आसपास कलमे सुखाने वाढतात. सुरुवातीला सहा हजार पिशव्या कोंबणाऱ्याची निम्मी रोपे विकण्याजोगी होत नाहीत.

मातीचे मिश्रण: एक भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. खत अर्धवट कुजलेले असेल तर हुमणी येते आणि उष्णतेने मुळे भाजतात. एक पिशवी सुमारे सव्वा लिटर मिश्रण घेते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २,८३० लिटर. मिश्रण दबते हे धरून एका ब्रासमध्ये दोन हजार पिशव्या भरतात. तीन हजारांसाठी दीड ब्रास पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात हे मिश्रण ओले करून पातळ पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे झाकून ठेवा, कडा मातीने बंद करा. उन्हाने माती तापून बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी बऱ्याच अंशी मरते. हे काम टाळणाऱ्याला पावसाळ्यात रोपमर भेटते.

पाणी: उन्हाळ्यात पिशवीला दिवसाला १०० ते १५० मिली धरा, म्हणजे तीन हजार पिशव्यांना रोज साडेचारशे लिटरपर्यंत. पाण्याची तपासणी लागवडीआधी करा. खारट पाण्यावर पानांच्या कडा जळतात आणि तो दोष कोणत्याही औषधाने जात नाही.

आता पैशाचा हिशेब. नवखा माणूस ‘पाच हजार कोयी गुणिले विक्रीची किंमत’ असा मांडतो. प्रत्यक्षात असे होते: ५,००० कोयींपैकी ७० टक्के उगवल्या, ३,५००. त्यातली कलमाला योग्य ३,२००. पहिल्या वर्षी ६० टक्के जगली, १,९२०. पुढच्या जूनपर्यंत त्यातली ९० टक्के विकण्याजोगी राहिली, १,७२८. म्हणजे पेरलेल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. मजुरी, माती, पिशव्या, जाळीची झीज, पाणी धरून वर्षाचा खर्च समजा एक लाख रुपये झाला, तर एक कलम सुमारे ५८ रुपयांना पडले. हेच जगण्याचे प्रमाण ८० टक्क्यांवर नेले तर २,३०४ कलमे हाती येतात आणि खर्च ४३ रुपयांवर उतरतो. जागा तीच, कोयी त्याच. म्हणून पहिली तीन वर्षे जागा वाढवू नका, प्रमाण वाढवा. सुरुवातीच्या वर्षांत रोख पैसा लवकर फिरावा यासाठी शेजारच्या वाफ्यात भाजीपाल्याची रोपे घ्यावीत. टोमॅटोचे रोप ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये २५ ते ३० दिवसांत, मिरचीचे ३५ ते ४० दिवसांत जाते. तिथे घात करते ते न धुतलेले खारट कोकोपीट. ते दोन-तीन पाण्यांनी धुऊनच वापरा.

कागदपत्रे

महाराष्ट्रात फळरोपे विकायची तर महाराष्ट्र फळ रोपवाटिका व फळझाडांची विक्री (नियमन) अधिनियम, १९६९ प्रमाणे कृषी विभागाचा परवाना लागतो. प्रत्येक कलमाचा खुंट कुठला आणि काडी कुठल्या मातृवृक्षाची, याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद कायद्यासाठी आहेच, पण तुमच्यासाठी जास्त आहे. आंबा फळाला यायला चार-पाच वर्षे लागतात. हापूस म्हणून दिलेले झाड रायवळ निघाले तर शेतकऱ्याची तेवढी वर्षे आणि जमीन वाया जाते. याहून मोठी चूक या धंद्यात नाही. राष्ट्रीय बागवानी मंडळ रोपवाटिकांना मानांकन देते. सरकारी फळबाग योजनांमधून, उदाहरणार्थ २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून मागणी येते तेव्हा परवाना आणि मानांकन बघितले जाते. वनस्पती वाण संरक्षण कायदा, २००१ खाली नोंदवलेल्या जातीची रोपे जातीच्या हक्कदाराच्या परवानगीशिवाय वाढवून विकता येत नाहीत. नव्या, आकर्षक नावाच्या जाती हातात घेण्याआधी हे तपासा.

हात बसल्यावर कुठे कुठे जाता येते

डाळिंबाच्या पट्ट्यात, सांगोला-सोलापूरकडे, गुट्या आणि फाटे यांचे काम असते. जाड फाट्याला मुळ्या याव्यात म्हणून २,००० पीपीएमचे (दहा लाख भागांत २,००० भाग) आयबीए हे मुळ्या आणणारे संप्रेरक वापरतात. १०० मिली द्रावणासाठी २०० मिलीग्रॅम भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग अल्कोहोल आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन १०० मिली करा. नुसत्या पाण्यात ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि फाट्यांना काहीच मिळत नाही. फाट्याचे खालचे टोक दहा-वीस सेकंद बुडवले की पुरे. या पिकात तेल्या आणि मर हे दोन्ही रोग रोपांबरोबर बागेत जातात. म्हणून रोगट बागेतली काडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आणि कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवावी. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे आधाराला आहे.

विदर्भात रंगपूर लाइम किंवा जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. तिथला कळीचा मुद्दा उंचीचा आहे. डोळा जमिनीपासून २२ ते २५ सेंमी वर भरावा. संत्र्याची साल डिंक्याच्या बुरशीला फार लवकर बळी पडते, आणि डोळा खाली असला तर पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीतून बुरशी थेट तिथे पोचते. नाशिक आणि तासगावच्या द्राक्षपट्ट्यात डॉगरिजच्या खुंटावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेतातच पाचर कलम बांधतात. कलम बांधणाऱ्या टोळ्यांना त्या दिवसांत मोठी मागणी असते.

निर्यातीकडे जाणाऱ्यांसाठी हाताइतकीच वही महत्त्वाची. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. तेव्हापासून फवारणीच्या नोंदी, औषध आणि काढणी यांमधला काळ, नमुना तपासणी हे सांभाळणाऱ्या माणसांची गरज ठळक झाली. नव्वद दिवसांची वही ज्याने मनापासून भरली, त्याला हे काम जमते. शहरात महापालिकांची उद्यान खाती, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालची झाडांची कामे आणि सोसायट्यांच्या बागांची देखभाल आहे. देखभालीचे कंत्राट घेताना पाण्याची सोय कोणाची आणि मेलेले झाड कोणी बदलायचे, या दोन अटी लेखी घ्या. भांडणे नेहमी याच दोहोंवरून होतात.

पहिली विक्री

कलम विकण्याआधी तीन-चार आठवडे सावली हळूहळू कमी करा आणि पाण्याची पाळी लांबवा. जाळीतून थेट शेताच्या उन्हात गेलेले रोप आठवड्यात पाने टाकते आणि शेतकरी ते फसवणूक समजतो. पिशवीतून खाली मुळ्या जमिनीत घुसल्या असतील तर पिशव्या महिनाभर आधी हलवून ठेवा. ऐन वेळी उपटलेले रोप निम्मे मूळ मागेच सोडून जाते. नेताना रोपे उभी आणि झाकलेली असावीत, उघड्या टेम्पोतला वारा उन्हापेक्षा जास्त सुकवतो.

गिऱ्हाइकाला रोपाबरोबर पाच सूचना तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहून द्या: पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फोडू नका, जोड जमिनीच्या १०-१५ सेंमी वर ठेवा, पट्टी राहिली असेल तर सोडा, जोडाखालचा प्रत्येक फुटवा खुडा. प्रत्येक कलमाला लेबल बांधा. त्यावर जात, खुंट, मातृवृक्षाचा क्रमांक आणि कलम बांधल्याची तारीख हवी. पुढच्या पावसाळ्यात त्या शेतावर जा, लेबले बघत फिरा आणि किती जगली ते त्याच वहीत त्या तारखेपुढे लिहा.